विजेचा झटका आणि गाळलेली पाने

एप्रिल १९३८ मध्ये रोम येथे उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी विजेच्या झटक्याने आकडी आणून एका मनोरुग्णावर उपचार केले. पुढे ही पद्धत मुख्यतः तीव्र नैराश्यासाठी वापरली जाऊ लागली. तिने गुण येई, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मागचे आठवत नाही, अशी तक्रारही रुग्ण करीत, आणि ती आजाराच्या खाती टाकणे सोपे होते.

या तक्रारीची तड लावण्याची अर्व्हिंग जॅनिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची युक्ती साधीच होती. उपचारांपूर्वीच त्याने १९ रुग्णांना शाळा, नोकऱ्या, घरची माणसे यांविषयी खोदून विचारले, आणि उपचार संपल्यावर सुमारे चार आठवड्यांनी तेच पुन्हा विचारले. एकोणिसांपैकी प्रत्येकाच्या आयुष्यातले काही ना काही पुसले गेले होते. झटके न दिलेल्या ११ रुग्णांत तसे जवळजवळ आढळले नाही. हे १९५० साली प्रसिद्ध झाले.

नंतरच्या चाचण्यांचा भर मात्र शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर राहिला. ती क्षमता बहुधा काही आठवड्यांत परत येते. पण नवी यादी पाठ होणे वेगळे आणि मुलीचे लग्न आठवणे वेगळे! संमतीपत्रावर सही करणाऱ्याला धास्ती असते ती दुसऱ्याची.

२००७ साली हॅरॉल्ड सॅकीम व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क परिसरातील सात रुग्णालयांतले ३४७ रुग्ण तपासले. स्वतःच्या गतायुष्याच्या आठवणींतली तूट सहा महिन्यांनंतरही दिसली. दोन्ही कानशिलांवर इलेक्ट्रोड लावलेल्यांत अधिक. जॅनिसच्या निबंधाला तेव्हा ५७ वर्षे झाली होती.