मरणोत्तर जीवनविषयक वाद (महाराष्ट्र)

मृत्यूनंतर जाणीव उरते का, यावर धर्मश्रद्धा आणि विज्ञाननिष्ठा यांच्यात चाललेला वाद. उदाहरणार्थ, मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरमध्ये हिंदूंचे श्राद्ध, जैनांचा कर्मबद्ध पुनर्जन्म आणि तिथल्याच उत्तनच्या कॅथलिक कोळ्यांचा २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस शेजारीशेजारी नांदतात. जैन सिद्धांतात मात्र आत्मा तत्काळ नवा देह घेत असल्याने श्राद्धाला जागा नाही. म्हणजे धर्मांचेही आपसांत एकमत नाहीच. मराठीत या वादाला धार आणली ती समाजसुधारक गो. ग. आगरकरांच्या ‘सुधारक’ या पत्राने (१८८८). मेंदूवाचून जाणीव टिकल्याचा पडताळता येणारा पुरावा नाही, ही विज्ञानाची बाजू. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पुनर्जन्मावरील श्रद्धेला हात लावला नाही. पुनर्जन्माच्या बाबतीत गतजन्मीचे पती-पत्नीचे नाते सांगून लैंगिक संबंध ठेवणे तेवढे गुन्हा ठरवले.