साडेतीनातला अर्धा

मागल्या नवरात्रात तुळजापूरच्या महाद्वारापाशी भर गर्दीत मी "ए अर्ध्या!" अशी हाक मारली आणि हातात परडी घेतलेला, चाळिशी उलटलेला एक टकलू गृहस्थ चटकन मागे वळला. शेजारची आराधीण तोंडाला पदर लावून हसली. गृहस्थाचे बोट धरून आलेल्या त्याच्या मुलाला मात्र ते मुळीच रुचले नाही.

"पप्पा, हे तुम्हांला अर्ध्या का म्हणतात?"

"इतिहास शिकवतात ते. त्यांनाच विचार," असे म्हणून माझा मित्र मोकळा झाला. मग कल्लोळाच्या पायऱ्यांवर बसून त्या पोराला मी जे सांगितले, तेच वाचकहो, तुम्हांलाही सांगतो.

आमच्या भागात दोस्ताने दोस्ताला पूर्ण नावाने हाक मारली, तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. रामचा राम्या, गणपतचा गण्या ही तर नुसती सुरुवात. हा शेवटचा 'या' परक्याच्या तोंडी अपमान होतो आणि मित्राच्या तोंडी माया. पुढे खरी नावे पडतात. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होईपर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणून काम टाळणाऱ्या पोराला आमच्याकडे सहज 'नवाब' म्हणत. कानडी मुलूख जवळ. देवीला तिकडची माणसे लोटतात, आणि 'अण्णा', 'अप्पा', 'अक्का' हे शब्द आमच्या तोंडी आपलेच होऊन बसलेले. 'वस्ताद' तर साऱ्या महाराष्ट्राचा. फारसी 'उस्ताद' तालमीच्या मातीत लोळून मराठी झाला. आमच्या कंपूत एक नवाब होता. वर्गात सर्वांत लहान म्हणून एक अण्णा होता. आणि वस्ताद मी, कारण कुस्तीत मी एकदाही जिंकलो नाही. टोपणनावे बहुधा अशी उलटीच असतात.

आम्ही तिघे. मग चौथा आला. अंगाने किडकिडीत, आमच्या खांद्याला लागणारा. तुळजापूरच्या पोराला चौथा म्हटले की 'चार' सुचतच नाही, 'साडेतीन' सुचते. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी अर्धे. पण त्या अर्ध्या पीठाच्या गडावर गर्दी काही अर्धी नसते! मुहूर्तही साडेतीनच. हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा दारात आलेला बलिप्रतिपदेचा पाडवा त्यांतला अर्धा. म्हणून कोणी त्या दिवशी अर्धीच ओवाळणी घालते काय?

पेशवाईत हीच मोजणी माणसांना लागली. सखारामबापू बोकील, नागपूरकरांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन शहाणे. यांतला विठ्ठल सुंदर निजामाचा दिवाण, म्हणजे शत्रुपक्षाचा. 1763 साली गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईत तो मारला गेला, तरी मराठ्यांनी त्याचे शहाणपण वजा केले नाही. आणि अर्धा शहाणा कोण? नाना फडणवीस! लेखणीत कोणाला हार न जाणारा, पण तलवारीचा गडी नव्हे, म्हणून अर्धा, असे सांगतात. पुढे त्या अर्ध्याच्याच हाती पुण्याचा सारा कारभार आला.

नावे ठेवण्यात ती माणसे मोठी दिलदार. रणात उठून दिसणाऱ्याला 'फाकडा' म्हणत. मानाजी शिंदे असे मानाजी फाकडे झाले. 1779 च्या जानेवारीत कार्ल्याजवळ इंग्रजांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. पुण्यावर चालून आलेला हा साहेब. पण त्याची छाती पाहून त्याचाही 'इष्टूर फाकडा' झाला. वडगाव मावळात त्याचे स्मारक आहे. शत्रूला इतके मायेचे नाव देणारी दुसरी फौज मला ठाऊक नाही.

पोरगा खुलला. "म्हणजे अर्धा म्हणजे नाना फडणवीस!" मी मान डोलावली आणि उठू लागलो. त्यापुढचे सांगणे माझे काम नव्हते.

पण मित्रच म्हणाला, "त्याच्या आधी मला दगड्या म्हणायचे हे."

तो सास्तूरकडचा. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, भूकंपाने दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. तो तुळजापूरला मामाकडे आला. त्याचे नाव दगडू. मूल जगत नसले की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू, उकिरडा असे काही ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावरून घसरून जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. (धोंडो नावाचे एक गृहस्थ 104 वर्षे जगले आणि 1958 साली भारतरत्न झाले, ते महर्षी कर्वे.) आम्हांला हे काय ठाऊक! आम्ही पहिल्या दिवसापासून "दगड्या, दगड्या" सुरू केले. आठवड्याने शाळेच्या हौदापाशी तो म्हणाला, "दुसरं काय बी म्हना. दगड नका म्हनू." बराच वेळ आम्ही तिघे गप्प उभे राहिलो. मग नवाबानेच 'अर्ध्या' काढले.

मुलगा बापाकडे बघत राहिला. "मग आजीनं ते नाव ठेवलं, ते चुकलं का?"

"चुकलं कसं? तिच्या पोरांत मी एकटा राहिलो की."

वरून "आई राजा उदो उदो" असा गजर आला. रांग हलली होती. मित्राने परडी उचलली, पोराला पुढे घातले आणि मागे वळून मला म्हणाला, "चला वस्ताद."