शब्दवेध : शून्य

यवतमाळात कपाशीचं हिरवं बोंड फोडून पाहावं लागतं. वरून टवटवीत, आत गुलाबी बोंडअळीनं पोखरलेलं. २०१७ साली जिल्ह्यानं हे फार सोसलं. 'शून्य' हा शब्द मला त्या बोंडातच दिसतो. संस्कृत 'श्वि' म्हणजे फुगणं. त्यावरून 'शून', मग 'शून्य' : बाहेरून फुगीर, आतून पोकळ. संगणकात रिकामेपणा दाखवणारा 'नल' (null) मात्र लॅटिन, 'एकही नाही' या अर्थाचा. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये तो प्रोग्रामिंगमध्ये आणला. पुढे त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. प्रोग्राममधला पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता; तो नल असला की पत्ताच रिकामा. लॅपटॉपचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचे भाग चालवणारा प्रोग्राम, अशा रिकाम्या पत्त्यावर गेला की काम कोसळतं. आधी पत्ता तपासणारी एक ओळ पुष्कळदा पुरते. पण तो रिकामा का राहिला, हे शोधण्यातच रात्र जाते.