दिव्यांग विद्यार्थ्यांचे वर्गाध्यापन व मूल्यमापन

नाशिक येथे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या बालकांच्या अध्यापनाची परंपरा १९७७ साली रजनी लिमये यांनी स्वपुत्राच्या शिक्षणाच्या चिंतेतून उभारलेल्या प्रबोधिनी विद्यामंदिराशी निगडित आहे. अशा बालकास शिकविताना शिक्षक प्रथम त्याची वर्तमान क्षमता जाणून घेतो, आणि मग गुंडी लावणे, नाणी ओळखणे अशा नित्य कृतींचे लहान टप्पे पाडून, प्रत्येक टप्पा बालकाने स्वतंत्रपणे साधला, सूचनेने साधला की शिक्षकाने हात धरून करविला, याची नोंद ठेवतो. हीच नोंद त्याचे खरे प्रगतिपुस्तक, कारण बालकाची तुलना त्याच्याच पूर्वावस्थेशी करणे एवढेच येथे न्याय्य आहे. इतर दिव्यांगत्वांत गरजा वेगळ्या असतात: कर्णबधिरास शिक्षकाचा चेहरा प्रकाशात दिसेल असे आसन, तर दृष्टिहीनास ब्रेल व स्पर्शगम्य आकृत्या आवश्यक असतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करून परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच द्वितीय व तृतीय भाषेतून सूट यांची तरतूद केली. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. मात्र पूर्वसराव नसलेल्या विद्यार्थ्यास लेखनिक ऐन परीक्षेत निरुपयोगी ठरतो, म्हणून घटक चाचण्यांपासूनच हा सराव करून घ्यावा लागतो.