रूप, युद्ध आणि उदरनिर्वाह : अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि स्त्री-मतदार

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांतील स्त्री-मतदारांविषयी दोन समजुती दीर्घकाळ प्रचलित राहिल्या आहेत : स्त्रिया उमेदवाराच्या रूपावर आणि बोलण्यावर भाळून मत देतात ही एक, आणि घरातील कर्ता पुरुष सांगेल त्यालाच त्या मत देतात ही दुसरी. वरकरणी या समजुती एकमेकींच्या विरोधी असल्या, तरी स्त्रीला स्वतःचा राजकीय विवेक नसतो हे एकच गृहीतक दोहोंच्या मुळाशी आहे, आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या निवडणुकांचा पुरावा ते खोटे ठरवतो.

वायोमिंग या प्रदेशाने १८६९ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला आणि १८९० मध्ये राज्याचा दर्जा मिळाल्यावरही तो कायम ठेवला, त्यामुळे १८९२ मध्ये तेथील स्त्रियांना अध्यक्षपदासाठी मत देता आले. इतरत्र मताची वाट पाहणाऱ्या स्त्रियांचे राजकीय शिक्षण तोवर संस्थांमधून होत होते. फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील दारूबंदीच्या चळवळीने हजारो स्त्रियांना सभा चालवणे, निधी उभारणे आणि कायद्याचा पाठपुरावा करणे शिकवले. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिलेल्या पंडिता रमाबाईंनी हे संस्थाजीवन जवळून पाहिले आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथातून ते मराठी वाचकांपुढे ठेवले.

स्त्रियांच्या स्वतंत्र निर्णयाची पहिली मोठी कसोटी १९१६ मध्ये लागली. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी देशव्यापी मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला नव्हता, तर त्यांचे प्रतिस्पर्धी चार्ल्स ह्यूज यांनी तो उघडपणे दिला होता. म्हणून अ‍ॅलिस पॉल यांच्या ‘नॅशनल वुमन्स पार्टी’ने पश्चिमेकडील राज्यांतल्या स्त्री-मतदारांना विल्सन यांच्या पक्षाविरुद्ध मत देण्याचे आवाहन केले. तरीही स्त्रियांना अध्यक्षीय मत असलेल्या बारा राज्यांपैकी दहा राज्ये विल्सन यांनी जिंकली. त्यांनी देशाला महायुद्धापासून दूर ठेवले हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता, आणि स्वतःच्या हक्काचा प्रश्नही अनेक स्त्रियांनी मत देताना एकमेव निकष मानला नाही, हे या निकालातून दिसून आले.

ऑगस्ट १९२० मध्ये देशभरातील स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉरन हार्डिंग प्रचंड बहुमताने निवडून आले. हार्डिंग देखणे होते, म्हणून स्त्रियांनी त्यांना निवडले, ही कथा त्यानंतर रूढ झाली. परंतु तिची शहानिशा करण्याचे एक दुर्मीळ साधन इलिनॉय राज्याने मागे ठेवले आहे. तेथे १९१३ च्या कायद्याने स्त्रियांना केवळ अध्यक्षीय आणि काही स्थानिक पदांसाठी मत दिले होते, त्यामुळे त्यांच्या मतपत्रिका वेगळ्या ठेवून त्यांची मोजणीही वेगळी होत असे, आणि ही पद्धत १९२० मध्येही चालू होती. त्या नोंदींत हार्डिंग यांना स्त्रियांचा कौल पुरुषांपेक्षा किंचित अधिक मिळालेला दिसतो. पण पुरुषांनीही त्यांनाच भरघोस मते दिली होती. युद्धानंतरची महागाई आणि सत्ताधाऱ्यांविषयीची नाराजी सर्वांचीच होती, मग एकाच निर्णयाला पुरुषांच्या बाबतीत विचार आणि स्त्रियांच्या बाबतीत मोह म्हणणे न्याय्य ठरत नाही.

स्त्रिया एकगठ्ठा मतदान करतील या धास्तीचा एक चांगला परिणाम मात्र झाला. माता-बालकांच्या आरोग्यासाठी केंद्राचा निधी देणारा शेपर्ड-टाउनर कायदा अमेरिकी काँग्रेसने १९२१ मध्ये संमत केला. पुढे असा गठ्ठा अस्तित्वात नाही हे लक्षात आल्यावर राजकारण्यांचा उत्साह मावळला आणि १९२९ मध्ये तो निधी बंद पडला. दक्षिणेकडील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना तर मतदानासाठीचा कर, साक्षरतेच्या पक्षपाती चाचण्या आणि दहशत यांमुळे १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत मतपेटीपाशी पोहोचताच आले नाही, आणि स्त्री-मताचा कोणताही इतिहास हे वगळून खरा ठरणार नाही.

मध्यंतरीच्या दशकांत जनमत चाचण्यांचा पुरावा उपलब्ध होऊ लागला. १९५२ मध्ये, कोरियातील युद्ध चालू असताना, ते संपवण्यासाठी स्वतः तेथे जाण्याचे वचन देणाऱ्या आयझेनहॉवर यांना गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या आकडेवारीनुसार ५८ टक्के स्त्रियांनी आणि ५३ टक्के पुरुषांनी पसंती दिली. १९६० मध्ये तरुण, रुबाबदार जॉन केनेडी यांच्या सभांना स्त्रियांची झुंबड उडत असे, तरी त्याच संस्थेच्या नोंदीत त्यांना ५२ टक्के पुरुषांची आणि ४९ टक्के स्त्रियांचीच मते दिसतात. रूपाच्या मोहाची कथा जेथे सर्वाधिक खरी ठरायला हवी होती, नेमकी तेथेच ती टिकत नाही.

१९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांना मिळालेल्या स्त्री-पुरुषांच्या पाठिंब्यात सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडला आणि ‘जेंडर गॅप’, म्हणजे एकाच उमेदवाराला स्त्रियांकडून आणि पुरुषांकडून मिळणाऱ्या मतांच्या टक्केवारीतील अंतर, ही संज्ञा लवकरच रूढ झाली. रेगन यांच्या पक्षाने स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला असलेला पाठिंबा त्या वर्षी जाहीरनाम्यातून वगळला होता. परंतु त्या प्रश्नावर स्त्री-पुरुषांच्या मतांत फारसा भेद नसल्यामुळे अभ्यासकांनी कारणे अन्यत्र शोधली. लष्करी बळाच्या वापराविषयी स्त्रियांना वाटणारी धास्ती, वृद्ध, मुले आणि गरीब यांच्यासाठीच्या शासकीय तरतुदींविषयीची आस्था, शिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांची वाढती संख्या ही त्यांतील प्रमुख होत. शिवाय या अंतराचा मोठा भाग स्त्रिया डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकल्यामुळे नव्हे, तर गोरे पुरुष त्या पक्षापासून दूर गेल्यामुळे निर्माण झाला होता.

१९९६ मध्ये बिल क्लिंटन यांना ५४ टक्के स्त्रियांनी आणि ४३ टक्के पुरुषांनी मते दिली. त्यानंतर कोणत्याही पक्षाला हे अंतर नजरेआड करता आले नाही. तथापि स्त्रियांचे मत तेव्हाही एकसंध नव्हते आणि आजही नाही : कृष्णवर्णीय स्त्रिया जवळजवळ एकमुखाने डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या मागे उभ्या राहिल्या, तर गोऱ्या स्त्रिया वर्ग, धर्म, शिक्षण आणि विवाह यांनुसार विभागल्या गेल्या. उमेदवाराच्या हाती सत्ता गेल्यास युद्ध, रोजगार आणि कुटुंबाची सुरक्षितता यांचे काय होईल, हा प्रश्न त्या विचारत आल्या आणि त्याची उत्तरे आपापल्या परिस्थितीतून देत आल्या. मतभेदाचा हा हक्क पुरुषांना कोणतेही स्पष्टीकरण न मागता मिळाला होता. स्त्रियांच्या बाबतीतही तो तितक्याच सहजपणे मान्य होणे हीच मताधिकाराची पूर्तता होय.