मुंबईच्या टाकसाळीतला चांदीचा डॉलर : तारखेच्या आकड्यात लपलेला दुसरा आकडा

नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की घराघरांतले माळे रिकामे होतात. पितळेच्या डब्यातून राणीछाप रुपये निघतात आणि क्वचित एखादं मोठं, अनोळखी चांदीचं नाणं. एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई, दुसऱ्या बाजूला चिनी आणि अरबी वळणाची अक्षरं. कोणाचे आजोबा गोदीत होते, कोणाचे बोटीवर, त्यामुळे 'चीनचं नाणं असेल' असं म्हणून ते बाजूला ठेवलं जातं. प्रत्यक्षात ते बहुधा ठाण्याहून लोकलने तासाभराच्या अंतरावर, फोर्टातल्या टाकसाळीत पाडलेलं असतं.

मुंबईत डॉलर कशासाठी?

हा 'ब्रिटिश ट्रेड डॉलर'. हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या बंदरांत तेव्हा मेक्सिकोचा चांदीचा डॉलर चालायचा. तो पुरेसा मिळेना म्हणून व्यापारी आणि बँका ब्रिटिश डॉलर मागत होत्या. हाँगकाँगची स्वतःची टाकसाळ १८६६ ते १८६८ अशी दोनच वर्षं टिकली होती. इकडे १८९३ साली हिंदुस्थानातल्या टाकसाळी खासगी चांदीचे रुपये पाडण्यासाठी बंद झाल्या आणि त्यांच्या यंत्रांवरचं काम कमी झालं. १८९५ पासून ती यंत्रं डॉलर पाडू लागली.

वजन २६.९५ ग्रॅम, चांदी ९० टक्के. आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांच्या जवळ. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे डॉलर त्याच्या दुपटीहून जड. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक इंग्रजी 'बी' दिसला तर नाणं मुंबईचं. 'सी' असेल तर कलकत्त्याचं, आणि खूण नसेल तर लंडनचं.

एकाच सालाची नाणी वेगळी कशी?

नाणं पाडतात ते पोलादी ठशाने, म्हणजे 'डाय'ने. हजारो नाणी पाडल्यावर ठसा झिजतो, तडकतो, आणि नवा घ्यावा लागतो. प्रत्येक ठशात काही तरी बारीक फरक राहतो. पण संग्राहकांचा जीव अडकतो तो आकड्यांत. गेल्या वर्षीचा न वापरलेला ठसा फेकायचा कशाला, म्हणून त्याच्या शेवटच्या आकड्यावर नवा आकडा ठोकत. जुना पूर्ण पुसला जात नसे. त्यामुळे १९०९ च्या काही डॉलरांत ९ च्या आत ८ दिसतो आणि १९२९ च्या काहींत शेवटच्या ९ खाली १. साधं दागिने तपासायचं भिंग पुरतं.

याच टाकसाळीने १९०३ मध्ये सिंगापूरकडच्या वसाहतींसाठी वेगळा 'स्ट्रेट्स डॉलर' पाडला. त्यात मुंबईचा 'बी' काही नाण्यांवर खोदलेला आहे, काहींवर उठावदार. दोन्ही ठसे अस्सल.

मात्र नाण्यावर नंतर झालेली खूण म्हणजे ठशाचा प्रकार नव्हे. आपल्याकडे सराफ रुपयावर टोचा मारून चांदी पारखत, तसे चिनी व्यापारी डॉलरवर आपला छोटा शिक्का ठोकत. अशी नाणी जमवणारेही आहेत, पण तो छंद निराळा. आणखी एक गुंतागुंत आहे. टाकसाळीने संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत 'प्रूफ' नाणी काढली आणि पुढे जुन्या सालांची नाणी पुन्हाही पाडली. नाण्यावर साल जुनं, पण पाडलेलं बऱ्याच नंतर. हे ओळखणं जाणकाराचंच काम.

दुर्मीळ कोणतं?

१९२१ चे जेमतेम ५० हजार पाडले गेले. १९३५ चे मात्र ६८ लाखांहून अधिक, तरीही ते आज दुर्मीळ आहेत, कारण बहुतेक पुन्हा वितळवले गेले. म्हणजे 'किती पाडले' यापेक्षा 'किती उरले' हा प्रश्न मोठा.

विकण्याआधी

या डॉलरच्या नकला भरपूर आहेत. वजन करा, लोहचुंबक लावा, साल बघा. १९०५, १९०६ किंवा १९१४ ते १९२० यांपैकी साल असेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही, कारण त्या वर्षी हा डॉलर निघालाच नव्हता. नाणं घासूनपुसून चकचकीत करू नका. आकड्याखालचा आकडा त्यातच जातो आणि किंमतही. सराफाकडे मोडीत दिलं तर हातात येतो तो फक्त सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदीचा भाव.

'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' असे मेसेज येतात आणि त्यात आधी 'नोंदणी शुल्क' मागितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही हे चालतं. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलं की ती अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कमिशन किंवा शुल्क घेत नाही. परदेशातला ग्राहक पाठवायला सांगत असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो : १०० वर्षं जुनं नाणं ही पुरावस्तू असते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१३ पर्यंतचे सगळे डॉलर आणि १९२१ चाही त्यात आला.