विटांची अंतराळयाने

खेळण्यांचा इतिहास म्हटला की गंभीर वाचकांच्या कपाळी आठी उमटते. राजांचे तह आणि सेनापतींच्या मोहिमा यांना जो मान मिळतो, तो मुलांच्या डब्यातील प्लास्टिकच्या तुकड्यांस कोण देणार? तथापि एखाद्या पिढीने भविष्यकाळाचे कोणते चित्र मनाशी बाळगले होते हे पाहावयाचे असेल, तर तिने आपल्या मुलांच्या हाती काय दिले याचा शोध घेणे पुष्कळदा उपयोगी पडते. कारण वडीलधारी माणसे व्याख्यानात एक बोलतात आणि खेळण्यांच्या दुकानात दुसरेच खरेदी करतात.

अंतराळाच्या खेळण्यांपुरते बोलावयाचे तर आरंभी जे खरेदी झाले ते पिस्तूल होते. १९२९ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांतील चित्रकथांत बक रॉजर्स हा भविष्यकालीन वीर अवतरला आणि १९३४ मध्ये डेझी या हवेच्या बंदुका बनविणाऱ्या कंपनीने त्याच्या नावाचे 'रॉकेट पिस्तूल' बाजारात आणले. पुढे महायुद्ध संपल्यावर जपानी कारखान्यांतून पत्र्याची रॉकेटे व यंत्रमानव निघू लागले. किल्ली दिली की ती खडखडत चालत, आणि किल्ली उतरली की थांबत. ही खेळणी देखणी होती, यात संशय नाही. परंतु मुलाला त्यांत करावयाचे असे फारसे काही नसे. एकतर नेम धरावयाचा, नाहीतर पाहत बसावयाचे. या दोन्ही गोष्टींहून निराळे, मुलाने स्वतः रचावयाचे अंतराळ जेथून आले, ते गाव मात्र रॉकेटच्या जगापासून फार दूर होते.

डेन्मार्कमधील बिलुंड हे ते गाव. तेथील ओले किर्क क्रिस्टियनसेन हा सुतार जागतिक मंदीच्या तडाख्यात घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली तेव्हा, १९३२ मध्ये, लाकडी खेळणी करू लागला. त्याने आपल्या धंद्यास 'लेगो' हे नाव दिले. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांच्या आद्याक्षरांतून ते सिद्ध झाले आहे. १९४० मध्ये देश जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला. १९४२ मध्ये कारखाना जळाला आणि पुन्हा उभा राहिला. याच काळात डेन्मार्कच्या दक्षिणेस, बाल्टिकच्या किनाऱ्यावर पीनेमुंडे येथे, ज्या रॉकेटांच्या वंशजांनी पुढे माणसाला चंद्रावर नेले, ती संहारक रॉकेटे सिद्ध होत होती. १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि या सुताराच्या कारखान्यातून एक नवे खेळणे बाहेर पडले. ते होते पिस्तूल, आणि त्याचे नाव 'शांतीचे पिस्तूल'! पाच वर्षे परक्यांच्या बंदुका पाहिलेल्या मुलांना बंदूकच हवी होती. कारखानदाराने ती दिली व नावापुरते आपले मन राखले. पुढील हकीकत वाचताना या पिस्तुलाचा विसर पडू देता कामा नये. लेगोचे शांतिप्रेम हा काही जन्मजात गुण नव्हे; तो हळूहळू अंगी बाणलेला आहे.

प्लास्टिकची वीटही त्यांची स्वतःची कल्पना नव्हती. एकमेकींत अडकणाऱ्या विटा इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज या खेळणीकाराने आधीच काढल्या होत्या. त्यांवरून बिलुंड येथे १९४९ मध्ये विटा तयार झाल्या. पेज १९५७ मध्ये वारला. त्याच्या विटांचे हक्क लेगोने विकत घेतले ते १९८१ मध्ये, म्हणजे साऱ्या जगात त्या आपल्या नावावर रूढ झाल्यानंतर. परंतु मूळ विटेत एक मोठा दोष होता. ती आतून पोकळ होती, आणि त्यामुळे रचलेली वस्तू उचलावी तर विटा सुटून पडत. ओले किर्कचा मुलगा गॉडफ्रेड याच्या कारकिर्दीत विटेच्या पोटात नळ्या बसविण्याची युक्ती निघाली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वासाठी अर्ज दाखल झाला. खालच्या विटेच्या माथ्यावरील गुंड्या वरच्या विटेच्या नळ्यांत व भिंतींत घट्ट दबून बसतात, एवढीच काय ती युक्ती. पण तिच्यामुळे रचना हातात धरून हवेतून फिरविता येऊ लागली. घर जमिनीवर उभे राहते. विमानाला आणि रॉकेटला मात्र उचलून घ्यावे लागते. त्या अर्जातील नळी नसती तर विटांचे अंतराळयान पहिल्याच उड्डाणात कोसळले असते!

या विटांतील शक्यतांचे गणितही पाहण्याजोगे आहे. आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे, आणि सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे. हा शेवटचा आकडा सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने काढला; कंपनी त्यापूर्वी वर्षानुवर्षे जो आकडा छापीत असे तो याच्या नवव्या हिश्श्याइतकाच होता. आपल्या मालाची स्तुती कमी करून सांगणारा कारखानदार विरळाच म्हणावा लागेल.

इतके असूनही विटांचे जग बराच काळ जमिनीला चिकटून राहिले. १९५५ मध्ये त्यांनी आपल्या खेळाची जी 'पद्धती' आखली तिच्या केंद्रस्थानी नगर होते: रस्ते, घरे आणि वाहने. १९६९ च्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला, आणि मग विटांनीही तिकडे मान वळविली. १९७३ मध्ये एक लहानसा रॉकेटतळ आला; १९७५ मध्ये 'चंद्रावतरण' नावाचा मोठा संच आला. या दोन तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. लेगोचे अंतराळ 'स्टार वॉर्स' या १९७७ मधील चित्रपटाचे अपत्य होय, असा समज पुष्कळांचा असतो. चित्रपटाने बाजार तापविला हे खरे. पण बी पेरले गेले ते अपोलोच्या दिवसांत. १९७५ चा संच मात्र एका दृष्टीने अपुराच होता. त्यातील अंतराळवीर यानाच्या मानाने धिप्पाड होते. ते यानाशेजारी उभे राहत. आत राहू शकत नसत. चंद्रावरील प्रसंगाचे ते एक स्मारक होते, प्रवासाचे साधन नव्हते.

ही अडचण दूर केली ती येन्स न्यूगोर क्नुडसेन याने. १९७८ मध्ये त्याने घडविलेली सुमारे ४ सेंटीमीटर उंचीची बाहुली बाजारात आली. तिचे हात-पाय हलत. तळपायांस व मांड्यांच्या मागील बाजूस छिद्रे असल्यामुळे ती विटेवर उभी राही आणि आसनावर बसेही. मुठीत हत्यार-अवजार धरता येई. मुद्रा पिवळी, त्यावर डोळ्यांचे दोन ठिपके आणि हसरी रेघ, एवढेच. त्यावरून वंश कळे ना लिंग. नगर, किल्ला आणि अंतराळ अशा तीन मालिका त्या वर्षी या एकाच बाहुलीभोवती उभ्या राहिल्या. माझ्या मते अंतराळ मालिकेचा खरा जन्म या बसू शकणाऱ्या बाहुलीत आहे, नव्या आकाराच्या पंखांत किंवा शंकूंत नाही. माणूस बसू लागला की त्याला खुर्ची हवी, खुर्चीसमोर यंत्रफलक हवा, वर काच हवी, मागे सामानाची खोली हवी. बाहुलीने यानाला आतली बाजू दिली.

त्या मालिकेतील 'गॅलॅक्सी एक्सप्लोरर' हे १९७९ मधील यान हिचा उत्तम नमुना होय. तुकडे ३३८; निळे त्रिकोणी पंख, राखाडी अंग, पिवळ्या पारदर्शक काचा. मागचा दरवाजा उघडला की आतून एक छोटी गाडी खाली उतरे. सोबत खड्ड्याखड्ड्यांची चांद्रभूमी आणि चार अंतराळवीर, दोन तांबडे व दोन पांढरे, प्रत्येकाच्या छातीवर ग्रहाला वळसा घालणाऱ्या यानाची सोनेरी-तांबडी मुद्रा. यानाच्या अंगावर 'एल एल ९२८' असा क्रमांक होता, आणि तोच, अक्षरे वगळून, युरोपातील खोक्यावरचा विक्रीचा क्रमांक. आवक-जावक नोंदवहीत दिवस घालविणाऱ्या माझ्यासारख्याला ही काटकसर फार आवडते: एकाच आकड्यात यानाचे नाव, खोक्याची खूण आणि हिशेबाची नोंद.

या यानावर तोफ नाही. त्या आरंभीच्या मालिकेत लढाईच नव्हती, शत्रूही नव्हता. अंतराळवीर खडक तपासीत, संदेश पाठवीत, रस्ता शोधीत. त्याच सुमारास चित्रपटांतील आणि दुकानांतील अंतराळ किरणबंदुकांनी भरून गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निःशस्त्रतेचे मोल कळते. खऱ्याखुऱ्या आधुनिक युद्धाची हत्यारे मुलांच्या हाती द्यावयाची नाहीत, असे त्या कंपनीचे धोरण होते. त्याच वर्षीच्या किल्ल्यातील शिपायांना तलवारी व भाले मिळाले. मध्ययुग दूर गेले, त्याचे रक्त वाळले, म्हणून ते चालत असावे. मग भविष्यकाळही तितकाच दूर असताना त्याला शस्त्रे का नाकारली? मला वाटते, याचे कारण भविष्यकाळ मुलांचाच असतो, हे होय. गतकाळात त्यांना नुसते हिंडावयाचे असते. भविष्यात राहावयाचे असते. मुले अर्थातच धोरण पाळीत नाहीत. दोन तुकडे काटकोनात जोडले की बंदूक होते, हे कोणत्याही देशातील मुलाला शिकवावे लागत नाही.

ही शांतता नऊ वर्षे टिकली. १९८७ मध्ये अंतराळात दोन पक्ष पडले: एका बाजूस एकेरी लोहमार्गावर विजेची गाडी धावविणारे सुसंस्कृत 'फ्यूचरॉन', दुसऱ्या बाजूस काळ्या वेषातील 'ब्लॅकट्रॉन'. १९८९ मध्ये 'अंतराळ पोलीस' आले आणि त्यांच्याबरोबर बंदिखाना. शोधावयाचे ते अंतराळ आता राखावयाचे झाले. याच १९८९ मध्ये चाच्यांच्या मालिकेतून बाहुल्यांच्या हाती पिस्तुले आली आणि हसऱ्या रेघेच्या जागी निरनिराळे चेहरेही आले. पुढे 'स्टार वॉर्स'चा परवाना घेण्याचा प्रश्न निघाला तेव्हा कंपनीतील वडीलधाऱ्यांनी कडाडून विरोध केला, नावातच युद्ध! पण १९९९ मध्ये ते संच आलेच. आरंभीच्या त्या संचांत सैनिकांच्या हाती जी बंदूक म्हणून दिली गेली, ती वस्तुतः नगरातील माणसांसाठी पूर्वी घडविलेला कर्णा होता. हाक मारावयाचे साधन तसेच्या तसे, फक्त धरावयाची रीत बदलली.

क्नुडसेन २०२० च्या फेब्रुवारीत निवर्तला. २०२२ मध्ये कंपनीच्या नव्वदाव्या वर्षी त्याचे ते निळे यान नव्याने काढण्यात आले. तुकडे आता १,२५४, आणि गिऱ्हाईक बहुधा तीच जुनी मुले, केस पिकलेली. पहिल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाची हनुवटीपाशी असलेली पट्टी फार बारीक होती व ती हमखास तुटे. २०१४ च्या लेगो चित्रपटातील निळा अंतराळवीर त्या तुटलेल्या पट्टीसह अवतरला, तेव्हा प्रौढ प्रेक्षकांनी त्याला तत्काळ ओळखले. प्रत्यक्ष अंतराळातही ही बाहुली पोहोचली आहे. ५ ऑगस्ट २०११ रोजी नासाने गुरूकडे सोडलेल्या जूनो यानात तिच्या तीन प्रतिकृती होत्या. प्लास्टिकच्या ऐवजी त्या अॅल्युमिनियमच्या केल्या होत्या. जूनोच्या हाती भिंग आहे आणि गॅलिलिओजवळ दुर्बीण. ज्युपिटर हा रोमन पुराणातील इंद्रच असल्यामुळे त्याच्या हाती वीज द्यावी लागली. २०१६ च्या जुलैमध्ये तिघेही गुरूच्या कक्षेत पोहोचले.